आधी छप्पर, मग घुंगरू : जुन्या शाळांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी बंद पडलेल्या शाळांच्या इमारतींबद्दल लिहिलं होतं, की पट कमी झाला म्हणून शाळा बंद झाली तरी इमारत अजून चांगली दणकट असते, ती पाडण्यापेक्षा तिथे गाणं, नाच, चित्रं, भजन, नाटकाच्या तालमी असं काहीतरी सुरू करा. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की मी दोन दिवस नुसती वाचतच बसले होते. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, ज्यात बाकीच्यांच्याही उपयोगाचं काहीतरी आहे ती पत्रं घेतलीत. पत्रं थोडी कापलीत, प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे, आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ताई, आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. शाळा जांभ्याची, चार खोल्या आणि पुढे पडवी, माझे आजोबा पण तिथेच शिकले. पाच वर्षं झाली बंद आहे. आम्हा मुंबईकर मंडळींच्या मनात आहे की तिथे नमनाच्या आणि जाखडीच्या तालमी व्हाव्यात, पोरांना मृदंग शिकवावा. पण छप्पर गळतंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कौलं लाकूड सगळं काढून टाका, मी वर स्लॅब टाकतो, एकदाच काय तो खर्च होईल. मंडळात दोन तट पडलेत. काय करावं?

दादा, स्लॅब टाकू नका. मंडळात कुणी ऐकत नसेल तर हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.

कारण साधं आहे, वजन. मंगलोरी कौलं आणि रिपा धरून छपराचं वजन एका चौरस मीटरला साधारण ६५ किलो होतं. पाच इंची स्लॅब म्हणजे त्याच एक मीटर जागेवर ३०० किलोच्या वर, शिवाय वरचं वॉटरप्रूफिंग वेगळं. तुमच्या जांभ्याच्या भिंती त्या हलक्या छपरासाठी रचलेल्या आहेत, त्यांच्या डोक्यावर चार-पाच पट ओझं ठेवायचं आणि वर म्हणायचं आता बघायला नको, हे मला पटत नाही. आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सपाट स्लॅब तिथे किती दिवस कोरडा राहतो ते तुमच्याच गावात फिरून बघा, निम्म्या स्लॅबच्या घरांवर परत पत्र्याची शेड चढलेली दिसेल. म्हणजे उतरतं छप्पर शेवटी लागतंच, मग आहे तेच का नको?

आता गळतीचं. छप्पर गळतं म्हणजे सगळं छप्पर गेलं असं नसतं. मी अशाच एका शाळेचं काम केलं होतं, तिथे आम्ही कौलं एकेक करून खाली उतरवली, अंगणात रांगा लावल्या आणि गावातल्या पोरांना सांगितलं की प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या गाठीने वाजवायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं, चीर गेलेलं बद्द वाजतं, दिसायला दोन्ही सारखीच. दोन दुपारी पोरं नुसती कौलं वाजवत होती, आणि शेवटी फुटकी निघाली ती एका बाजूच्या ढिगात मावली एवढीच. बाकी सगळी घासून, शेवाळ काढून परत चढवली. नवीन कौलं जुन्यांच्या खाचेत बसत नाहीत, प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा असतो, म्हणून नवीन घ्यावी लागली तर एका अख्ख्या उतारावर नवीन आणि दुसऱ्या उतारावर सगळी जुनी असं करा, मधेमधे ठिगळं लावलीत की तिथूनच पाणी येतं. जवळपास कुणी जुनं घर पाडत असेल तर त्याची कौलं विकत घ्या, मात्र मागच्या बाजूचा कारखान्याचा छाप आधी जुळवून बघा.

लाकडाचं सांगते. वासे वरून काळे दिसले म्हणून घाबरू नका, धुराने आणि वयाने ते काळे होतातच. खरी जागा म्हणजे तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं ती, कारण ओल तिथे कोंडते आणि वाळवी तिथूनच सुरू होते. स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि तिथे टोचून बघा, आत सहज गेला तर ते टोक गेलं. पण टोक गेलं म्हणजे तुळई गेली असं नाही, खराब भाग कापून तिथे जुन्याच लाकडाचा तुकडा सांधा करून, बोल्ट मारून जोडता येतो, हे काम करणारे सुतार अजून आहेत, वयस्कर आहेत पण आहेत, त्यांच्या हाताखाली गावातला एखादा मुलगा द्या म्हणजे पुढच्या वेळेला लांबून माणूस आणायला नको. लाकडाला वरून काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे, ती वाईट नाही, फक्त हातमोजे घालून लावा, कातडी जळते.

आणि हे सगळं करायच्याही आधी खाली बघा. शाळेच्या भोवती पेव्हर ब्लॉक टाकलेत का? बऱ्याच ठिकाणी मैदान सुंदर दिसावं म्हणून ब्लॉक टाकतात, त्याने जमिनीची पातळी वर येते, जोतं निम्मं पुरलं जातं आणि पावसाचं पाणी भिंतीकडे वळतं. भिंतीलगतचे ब्लॉक उचला, पागोळ्या पडतात त्या रेषेत हातभर रुंद चर खणा, त्यात दगडगोटे भरा आणि चराला उतार द्या. एवढ्याने एका पावसाळ्यात भिंतीची ओल किती उतरते ते बघा. पैसा जमला की मंडळांना पहिलं गेट आणि रंग सुचतो, देणगीदाराचं नाव दिसेल अशी कमान सुचते. तुम्ही पहिलं वर्ष फक्त छप्पर आणि पाणी यावर घालवा. शिमग्याला गावी जाल तेव्हा कौलं उतरवायचं धरा, म्हणजे मिरगाच्या आत परत चढतील.

आमची शाळा वाईकडची, काळ्या दगडाची. दहा वर्षांपूर्वी आतून सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, आता कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे येतात, पांढरी पावडर सुटते. पेंटर म्हणतो महागातला वॉटरप्रूफ रंग मारू. आम्हाला आत चित्रांची गॅलरी करायची आहे, भिंती चांगल्या दिसायला हव्यात.

ती पांढरी पावडर म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी दगडाच्या सांध्यातल्या चुन्यातून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं, भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. पूर्वी चुन्याचा गिलावा होता तेव्हा ते पाणी गिलाव्यातून आरामात बाहेर पडायचं, भिंत श्वास घ्यायची म्हणा ना. सिमेंट प्लास्टरने तो रस्ता बंद झाला, पाणी आत कोंडलं, आणि मग प्लास्टरलाच ढकलून बाहेर यायला लागलं. त्यावर वॉटरप्रूफ रंग मारलात तर उरलासुरला रस्ताही बंद, पाणी आणखी वर चढेल, आज कमरेला आहे ते उद्या खांद्याला येईल. महागाचा रंग म्हणून जास्त टिकेल हा हिशोब इथे उलटा पडतो.

सिमेंटचं प्लास्टर काढा. छिन्नी-हातोडीने काढा, ब्रेकर मशीन लावू देऊ नका, दगडाच्या कडा उडतात. मग भिंत एक उन्हाळा नुसती उघडी ठेवा, घाई करू नका, ती स्वतः वाळते. सुटलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून घ्या, पाण्याने धुऊ नका, तो परत आत शिरतो. त्यानंतर चुना.

चुना म्हटलं की लोकांना पानाचा आठवतो म्हणून जरा सविस्तर सांगते. कळीचा चुना आणायचा, तो हौदात पाण्यात सोडायचा, तेव्हा तो अक्षरशः उकळतो, वाफ येते, जवळ लहान मुलं उभी करू नका आणि काम करणाऱ्याला गॉगल द्या. मग तो वरून पाणी ठेवून मुरू द्यायचा, निदान पंधरा दिवस, महिनाभर मुरला तर सोनं. लोण्यासारखा झाला पाहिजे, थापी उलटी केली तर चटकन सुटू नये. एका भाग चुन्याला तीन भाग वाळू, थोडी सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, आणि आपल्याकडचे जुने गवंडी त्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालतात. पूर्वी हे सगळं बैल जुंपलेल्या दगडी घाणीत घोटायचे, आता मोटरवरची घाणी मिळते, पण घोटणं चुकवू नका, नुसतं फावड्याने कालवलेला चुना आणि घोटलेला चुना यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गिलावा एका वेळी अर्ध्या इंचाच्या आतच, आणि पहिले दहा-पंधरा दिवस वर ओली गोणपाटं. सिमेंट काही तासात पकडतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू घट्ट होतो, त्याला महिने लागतात, परत चुनखडीच बनतो तो. ज्या गवंड्याला हे माहीत नाही तो तिसऱ्या दिवशी नख लावून बघतो आणि म्हणतो मॅडम हे कच्चं आहे, यात जरा सिमेंट टाकू. त्याला टाकू देऊ नका.

गॅलरीचं म्हणाल तर, चित्रं थेट बाहेरच्या भिंतींवर टांगूच नका. वरून लाकडी पट्टी आणि तारेवर सोडा, भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून. कागदावरची चित्रं असतील तर त्यांना आतली भिंत द्या.

सर/मॅडम, मी निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा. आमच्या गावची जुनी शाळा जिल्हा परिषदेची आहे असं म्हणतात, जागा गावठाणात आहे, पूर्वी एका कुटुंबाने दान दिली होती असंही म्हणतात. तरुण मुलं उत्साहात आहेत, थेट साफसफाई सुरू करू म्हणतात. कागदपत्रं कुठून बघायची?

गुरुजी, मुलांना साफसफाई करू दे, पण एक कौलही बदलायच्या आधी कागद हवेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, बघा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर सातबारा, आणि दानाचं काही लिहिलेलं असेल तर ते, कारण दानपत्रात कधी कधी स्पष्ट लिहिलेलं असतं की ही जागा फक्त शाळेसाठी, तसं असेल तर त्या कुटुंबातल्या आजच्या मंडळींना सुरुवातीपासून सोबत घ्या. मागाहून त्यांच्या दारात जाणं जड जातं.

एक गोष्ट लगेच तपासा, शाळेच्या निर्लेखनाचा प्रस्ताव गेलाय का. निर्लेखन झालं म्हणजे सरकारदरबारी ती इमारत पाडायला मोकळी झाली, मग तुमच्या हाताशी वेळ फार कमी राहतो. तसा प्रस्ताव असेल तर आधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून, ज्याने दगड-चुन्याच्या इमारती हाताळल्यात अशाकडून, ऑडिट करून घ्या आणि तो रिपोर्ट जोडून अर्ज करा. नुसत्या भावनेच्या अर्जावर फाइल हलत नाही, रिपोर्टवर हलते. मग ग्रामसभेचा ठराव, शिक्षण विभागाची ना-हरकत, आणि जिल्हा परिषदेशी लेखी करार. मालकी त्यांचीच राहू द्या, तुम्ही वापर आणि देखभाल मागा, आणि मुदत भरपूर लांब मागा, कारण अकरा महिन्यांच्या करारावर कुणीही देणगीदार छपराला पैसे देत नाही.

तीन पक्षांचा करार कसा असू शकतो याचं मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. इमारत महापालिकेची, जीर्णोद्धाराचं काम इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचं, आणि पैशाची आणि व्यवस्थापनाची साथ जमनालाल बजाज फाउंडेशनची, २००३ मध्ये हे तिघं एकत्र आले, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय परत उघडलं. तुमचा व्याप त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा छोटा आहे, पण कोण कशाला जबाबदार हे पहिल्या दिवशी कागदावर आणायचं, ते तेवढंच.

पैशासाठी संस्था नोंदवून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचा जीर्णोद्धार, कला आणि पारंपरिक हस्तकला हे सगळं सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, यादीत आहे, म्हणजे जवळच्या खाजगी साखर कारखान्याकडे किंवा एमआयडीसीतल्या कंपनीकडे तुम्ही हक्काने जाऊ शकता. फक्त तुमच्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि देणगीवर करसवलत देणारी आयकर मान्यता (८०जी) हवी.

आणि गुरुजी, वाद असेल तर तो मिटेपर्यंत इमारतीवर ताडपत्री तरी टाकून ठेवा. पुण्यातल्या भिडे वाड्याचं मला राहून राहून वाईट वाटतं. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी जिथे मुलींची शाळा भरवली ती वास्तू, कोर्टकचेरीत वर्षं गेली, तेवढ्यात ती पार मोडकळीला आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडली. आता तिथे स्मारक होणार आहे, होऊ दे, पण त्या पोरी ज्या भिंतींना टेकून बसल्या त्या भिंती परत येणार नाहीत.

नमस्कार, मी आठ वर्षं जपानमध्ये आहे, मूळची चिपळूणची. क्योटोत एका जुन्या शाळेचं आर्ट सेंटर पाहिलं आणि आमच्या वाडीची शाळा डोळ्यासमोर आली. असं आपल्याकडे खरंच चालेल का? की तिकडे पैसा आहे म्हणून चालतं?

तुम्ही बहुतेक मेइरिन शाळेबद्दल लिहिताय, आजचं क्योटो आर्ट सेंटर. पैशाचं विचारलंत म्हणून तिची गोष्ट सगळ्यांसाठी सांगते, कारण ती पैशाच्या आधी सुरू होते. १८६९ मध्ये, म्हणजे जपानात देशभराची शिक्षणपद्धत यायच्याही आधी, क्योटोतल्या लोकांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात मिळून ६४ प्राथमिक शाळा उभ्या केल्या, मेइरिन त्यातली एक. आणि वर्गणी कशी, तर घरात चूल आहे ना, मग चुलीमागे इतके. पोरं शाळेत जाणारी असोत नसोत. आपल्या कोकणात घरटी वर्गणी काढतात तीच ही पद्धत, वाचलं तेव्हा मला आपल्या वाडीची पावती पुस्तकंच आठवली.

आजची इमारत १९३१ ची. पुढे शहराच्या मध्यात मुलं उरली नाहीत, १९९३ मध्ये शाळा बंद झाली, आणि २००० मध्ये तिथे आर्ट सेंटर सुरू झालं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी शाळेला शाळाच राहू दिलंय. वर्गखोल्यांमध्ये प्रदर्शनं आणि तालमी, ७८ चटया अंथरलेला मोठा हॉल तसाच, एका वर्गात कॉफीचं दुकान, आणि शाळेसाठी शंभर वर्षांपूर्वी घेतलेला जुना पियानो दुरुस्त करून त्यावर अजून मैफली होतात. कलाकारांना खोल्या काही काळ वापरायला देतात, त्या बदल्यात त्यांनी लोकांसाठी काहीतरी करायचं, कार्यशाळा घ्यायची किंवा काम उघडं दाखवायचं. मजले जोडायला जिन्यासोबत उतरणी आहेत, त्याही १९३१ पासूनच्या. आपल्याकडे व्हीलचेअरसाठी उतरण करायची तर साधा हिशोब लक्षात ठेवा, एक फूट चढायला बारा फूट लांबी, जोतं दोन फुटांचं असेल तर चोवीस फूट, दारासमोर मावत नसेल तर बाजूने वळवून घ्या.

आपल्याकडे चालेल का? मला वाटतं चालेल, पण सगळं तयार झाल्यावर उद्घाटन करू अशा बेताने नाही. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात १८९० च्या दशकातली एक शाळा आहे, पी.एस. वन, ती १९६३ मध्ये बंद पडली होती. १९७६ मध्ये तिथे पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा भिंतींचे पोपडे तसेच होते, कलाकारांनी त्या पडक्या खोल्यांमध्येच, कोपऱ्यात, अडगळीत कामं केली. आज ती मोमा या मोठ्या कलासंग्रहालयाचा भाग आहे. तुमच्या वाडीत एक खोली कोरडी आणि सुरक्षित झाली की त्या खोलीत दर शनिवारी काहीतरी सुरू करा. वापरातली इमारत लोक सांभाळतात, गळायला लागली की चार जण बोंब मारतात. बंद असली की कुणाला कळतही नाही.

मिरजेहून लिहितोय. जुन्या शाळेच्या खोलीत गाण्याचे क्लास सुरू केलेत. आवाज घुमतो, तबला तर नुसता गोंधळ वाटतो. शेजारच्या खोलीत चित्रकलेचा वर्ग, त्यांना आमचा त्रास आणि आम्हाला पोरांच्या कलकलाटाचा. फॉल्स सीलिंग करावं का?

मिरजेसारख्या सतारमेकरांच्या गावातून हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला! तंबोऱ्याचा भोपळा निवडताना जसं कान लावून बघतात तसंच खोलीचं करा. खोलीच्या मधोमध उभं राहून एकच जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर फर्रर्र असं काही ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत. त्या दोनपैकी एकच भिंत मऊ करायची. जाड पडदा, पण भिंतीला चिकटून नको, चार बोटं पुढे, आणि भरपूर चुण्यांचा. किंवा पुस्तकांची उघडी कपाटं, वेडीवाकडी भरलेली, ती फार छान काम करतात. खाली सतरंजी घातलीत तर वरचे सूर जरा शांत होतात, पण डग्ग्याचा घुमारा सतरंजीला दाद देत नाही, त्याला दोन-तीन इंच जाडीच्या लाकडी चौकटी करून आत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरून वरून खादी ताणायची आणि त्या कोपऱ्यांमध्ये उभ्या करायच्या. थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावू नका, आवाज तर फारसा शोषत नाहीत आणि आग मात्र चटकन धरतात.

शेजारच्या खोलीचं कारण वेगळं आहे, मान वर करून बघा. जुन्या कौलारू शाळांमध्ये दोन वर्गांमधली भिंत छपरापर्यंत जातच नाही, वाश्यांच्या खाली संपते आणि वरची पोकळी सगळ्या वर्गांची एकच असते. आपण शाळेत असताना शेजारच्या वर्गातले पाढे आपले पाठ व्हायचे ते म्हणूनच. फॉल्स सीलिंगने हे थोडं कमी होईल पण मी करू देणार नाही, कारण त्याच्यावर कौल गळलं तर सहा महिने कळत नाही आणि वायरिंगही दिसत नाही. ती वरची त्रिकोणी जागा लाकडी चौकटीत दोन्हीकडून बोर्ड आणि मधे रॉकवूल अशी भरून घ्या, छपराच्या लाकडी कैचीवर भार न टाकता भिंतीवरच उभी करा, आणि कडेच्या फटी बुजवा, फट राहिली की सगळं वाया. हे होईपर्यंत वेळापत्रक बदला. गाणं सकाळी, चित्रकला दुपारी. याला एक पैसा लागत नाही.

नाशिक. दुमजली शाळा, वरच्या मजल्याची जमीन लाकडी. कथकचा वर्ग वर घेता येईल का? खाली छोटं नाट्यगृह करतोय.

वर कथक नको. वर्गखोलीसाठी मजला धरतात तो चौरस मीटरला साधारण ३०० किलोच्या भाराने, आणि जिथे लोक मोकळे जमतात, नाचतात तिथे ५०० किलो धरावे लागतात, शिवाय तीस मुली एका समेवर तत्कार करतात तेव्हा सगळे पाय एकाच क्षणी पडतात, नुसत्या वजनापेक्षा तो दणका वेगळा. तुमची जमीन मुळात शंभर वर्षांपूर्वी बाकावर बसलेल्या मुलांसाठी केलेली. इंजिनिअरने तपासून, तुळया वाढवून परवानगी दिली तर गोष्ट वेगळी, नाहीतर घुंगरू तळमजल्यावर आणि वाचनालयही तळमजल्यावर, पुस्तकांचं वजन लोकांना कळत नाही. वर चित्रकला, शिवणकाम, बैठकीचं गाणं असं ठेवा.

तळमजल्यावर नाट्यगृह म्हणताय तर आगीचं मी जरा कळकळीने सांगते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ पासूनचं. त्या रात्रीचे व्हिडिओ बघताना कित्येक कलाकार रडले, मीही त्यातलीच. लाकूड, पडदे, नेपथ्य आणि दिवे एका छपराखाली असले की ठिणगी पुरते. म्हणून जुन्या लाकडी पट्टीतल्या वायरी पहिल्यांदा सगळ्या काढा, एकही ठेवू नका, नवीन वायरिंग पाइपातून आणि भिंतीच्या बाहेरून, म्हणजे दिसत राहील. स्टेजच्या दिव्यांची लाइन वेगळी. कार्यक्रम संपला की मेन स्विच बंद करायचं काम एका ठरावीक माणसाचं. आणि जुन्या वर्गांना दार एकच असतं, नाट्यगृहाला दोन हवीतच, बाहेर उघडणारी. त्यासाठी भिंत फोडू नका. एक खिडकी निवडा आणि फक्त तिच्या खालचा भिंतीचा भाग उतरवा, रुंदी तीच ठेवा, म्हणजे वरची कमान किंवा आडवा पाट (लिंटेल) तसाच राहतो आणि भिंतीला कळतही नाही. बाहेर जाताना दोन पायऱ्या आणि कठडा करून द्या, अंधारात माणसं पडतात.

आम्ही माजी विद्यार्थिनी. समितीतले काही जण म्हणतात भिंतीतले फळे काढून टाकू, आर्ट सेंटरमध्ये ते शाळकरी वाटतात. तुमचं मत?

अजिबात काढू नका. एक तर ते काढताना भिंतीचा गिलावा घेऊनच निघतात. आणि ज्या केंद्रात मुलं चित्रं काढणार, पदं लिहून घेणार, नाटकाच्या प्रवेशांची यादी करणार, तिथे अख्ख्या भिंतीएवढी लिहायची जागा फुकट आहे, ती का घालवायची? काळा रंग नवीन द्या, पण वरच्या कोपऱ्यातली सुविचाराची, तारखेची आणि पटाची चौकट असेल तर ती पांढऱ्या रेघांनी परत आखून घ्या. आम्ही केलेल्या शाळेत पटाच्या त्या चौकटीत आता त्या दिवशी तालमीला किती जण आले ते लिहितात, मुलगे किती, मुली किती, अगदी पूर्वीसारखं. पडवीत टांगलेला रुळाचा तुकडा असेल तर तोही राहू द्या, वर्ग सुटल्याची घंटा त्याचीच करा.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की किल्ली कुणाकडे ठेवावी, ते बाकी कुणीच विचारलं नव्हतं. शाळेच्या सगळ्यात जवळच्या घरात ठेवा, जिथे दिवसभर कुणी ना कुणी असतं, आणि दुसरी एका तालमीला येणाऱ्या मुलीकडे द्या. समितीच्या अध्यक्षांकडे नको, ते तालुक्याला गेलेले असतात आणि पोरं ढोलकी घेऊन पायरीवर बसून राहतात.